झाडलोटीतली चांदी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीत चांदीच्या कारखान्यातली धूळ कुणी उकिरड्यावर टाकत नाही. संध्याकाळी काम थांबलं की बसण्याची जागा, ऐरणीचा बुंधा, मशीनखालची फरशी झाडून घेतात. फुटक्या मुशीचे तुकडे, भट्टीची राख, हात पुसायचं फडकं, सगळं एका डब्यात जातं. डबा भरला की झारेकरी तो घेऊन जातो, धुतो, गाळतो आणि त्यातून चांदी काढतो. किती निघेल हे झाडताना कुणालाच माहीत नसतं. म्हणून आधी सगळं गोळा करायचं, निवड नंतर, असा या धंद्याचा रिवाज आहे.

इंटरनेटवर मात्र आपण हा रिवाज विसरलो. गेल्या वीस वर्षांत गावाने तिथे बरंच काही मांडलं: दागिन्यांचे कॅटलॉग, यात्रेची लाइव्ह, शाळेच्या स्मरणिका, संस्थांचे अहवाल, महापुराचे व्हिडिओ. त्यातलं किती उरलंय ते एकदा शोधून बघा. हा लेख ते उरलेलं कसं वाचवायचं याबद्दल आहे. त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही. फोन, एखादा जुना कॉम्प्युटर आणि महिन्यातला एक रविवार पुरतो.

मी छपाईची आणि टायपिंगची कामं करतो. एका दिवाळीच्या तोंडावर शेजारचे अण्णा दुकानात आले. म्हणाले, "आमचं ते ऑनलाइन कॅटलॉग जरा उघड की. दोन हजार अकरा सालचं. त्यातली एक तोरडी राजस्थानच्या पार्टीला परत पायजे."

पत्ता टाकला, तर सट्ट्याचा खेळ उघडला. साइट भाच्याने केली होती. डोमेनचे पैसे दोन-तीन वर्षं भरले. मग भाचा पुण्याला गेला, आठवणीचा ईमेल त्याच्या जुन्या खात्यावर येत राहिला, मुदत संपली आणि ते नाव दुसऱ्या कुणीतरी उचललं. त्या तोरडीची डाय केव्हाच मोडीत गेली होती. कागदी कॅटलॉग छापलाच नव्हता, कारण "ऑनलाइन हाय की!"

मग तोच पत्ता जुन्या वेबपानांच्या प्रती ठेवणाऱ्या 'वेबॅक मशीन'मध्ये टाकला. तीन तारखांच्या नोंदी निघाल्या. चाळीस नमुन्यांपैकी सहाच उघडले, तेही पोस्टाच्या तिकिटाएवढे. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला, डोळा स्क्रीनला लावला आणि पाचव्या चित्रावर बोट ठेवलं. "ही बघ. कडी एक आड एक उलटी हाय. हीच ती."

सहा चित्रं तरी वाचली, ती गावातल्या कुणी जपली म्हणून नव्हे. सात समुद्रांपलीकडचं एक यंत्र फिरता फिरता तिथून गेलं होतं म्हणून. उरलेल्या चौतीस नमुन्यांसाठी आपल्याकडे कुणी झारेकरी नव्हता.

काय जातं, कसं जातं

कागद हळूहळू पिवळा पडतो, त्याला वाळवी लागते, तोवर आपल्याला वेळ मिळतो. वेबपान मात्र काल होतं आणि आज नसतं. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये दाखवलं की २०१३ साली असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती.

मोठ्या कंपनीचा आसरा घेतला म्हणून सुटका होत नाही. लोकांनी हाताने बनवलेल्या पानांचं 'जिओसिटीज' हे गाव याहूने ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केलं. आपल्याकडच्या एका पिढीने पहिले मित्र जिथे जोडले ते ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी गेलं. २९ जून २०२० च्या रात्री सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. बंदीचं कारण काहीही असो, उसाच्या फडातले, यंत्रमागावरचे, कारखान्यातले किती व्हिडिओ त्या रात्री बंद दाराआड गेले ते आठवा. खेड्यातल्या माणसाने स्वतःच स्वतःचं चित्रण केल्याचा तो मोठा साठा होता. मराठीतही चालणारं 'कू' २०२४ च्या जुलैत बंद झालं.

आता चालू असलेली दोन घड्याळंही बघा. फेसबुकवरची नवी लाइव्ह प्रक्षेपणं १९ फेब्रुवारी २०२५ पासून फक्त ३० दिवस राहतात. त्याआधीची जुनी लाइव्ह काढून टाकण्याची प्रक्रियाही कंपनीने तेव्हाच जाहीर केली. म्हणजे अंबाबाईच्या यात्रेचं लाइव्ह महिन्याभरात उतरवून घेतलं नाही, तर ते गेलं. दुसरं घड्याळ गूगलचं. दोन वर्षं हात न लावलेलं वैयक्तिक खातं आतल्या फोटो-फाइलींसह पुसण्याचं धोरण डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. वारलेल्या माणसाचं खातं आपसूक यात सापडतं.

कोल्हापूरकरांना हा धडा नवा नाही. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने इथे 'सैरंध्री' काढला तो १९२० साली. त्या काळातल्या बहुतेक मूकपटांची रिळं आज नाहीत. काही नायट्रेटची म्हणून जळाली, काही कुजली आणि कितीतरी चांदीसाठी विकली गेली. फिल्मवरच्या थरात चांदी असते, ती काढून घेण्यासाठी रिळं गाळत. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ मध्ये उभं राहिलं तोवर बराच माल गेलेला होता. ज्यांनी रिळं विकली ते मूर्ख नव्हते. खेळ संपलेला सिनेमा त्यांच्या लेखी मोड होता. आपल्या जुन्या वेबसाइटकडे आपण नेमके तसेच बघतो.

आधीपासून हे काम करणारे

ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'इंटरनेट आर्काइव्ह' ही ना-नफा संस्था काढली. तिचं वेबॅक मशीन २००१ पासून सगळ्यांना खुलं आहे. २००९ मध्ये जेसन स्कॉट आणि मित्रांनी 'आर्काइव्ह टीम' जमवली. हे पगारी लोक नव्हेत. एखादी सेवा बंद होणार असं कळलं की शेकडो जण आपापल्या घरचा कॉम्प्युटर आणि इंटरनेट कामाला लावतात आणि दार बंद होण्याआधी जमेल तेवढं उपसतात. जिओसिटीजचा त्यांनी वाचवलेला भाग २०१० मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, तेव्हा हजाराहून जास्त स्वयंसेवकांनी तिथल्या संग्रहालयांची, ग्रंथालयांची पाच हजारांवर संकेतस्थळं उतरवून घेतली.

आपल्याकडचं उदाहरण तर घरचं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. बर्नार्ड बेल यांनी त्यांच्या ध्वनिमुद्रणाचं आणि संगणकावरच्या साठ्याचं काम केलं. गी २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. अशा वेळी बहुतेक साठे कपाटात पडून मरतात. हा साठा मेला नाही. पी. साईनाथ यांनी उभ्या केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने तो हाती घेतला आणि २०१७ पासून ओव्या आवाजासह, गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव देऊन प्रकाशित व्हायला लागल्या. यातून शिकायचं ते एवढं की साठा करणारा माणूस गेल्यावर तो कुणाच्या हाती जाईल हे ठरलेलं हवं.

दुसरं उदाहरण 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'चं. सरकारी खर्चाने स्कॅन झालेली ही लाखो पुस्तकं, त्यांत जुनी मराठीही होती. पुढे ती मूळ साइट बंद पडली. कार्ल मालामूड यांनी त्यातली चार लाखांहून जास्त पुस्तकं आधीच इंटरनेट आर्काइव्हवर उतरवली होती, म्हणून ती आजही वाचता येतात.

आपल्या देशात छापील पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांकडे पाठवणं १९५४ च्या कायद्याने बंधनकारक आहे. ब्रिटन, फ्रान्ससारख्या देशांत तिथली राष्ट्रीय ग्रंथालयं कायद्यानेच वेबपानंही जमा करतात. आपल्याकडचा तो कायदा मात्र पुस्तकं आणि नियतकालिकांपुरता आहे. म्हणून हुपरीचं वेबपान जपणं हे हुपरीकराचंच काम.

पायरी पहिली: यादी करा

डाउनलोडला बसण्याआधी वही घ्या. गावाचं काय काय इंटरनेटवर आहे किंवा होतं, ते लिहून काढा. सुरुवात अशी करता येईल:

- कारखानदारांचे आणि व्यापाऱ्यांचे कॅटलॉग, इन्स्टाग्राम पानं, व्हॉट्सॲपवर फिरलेले नमुन्यांचे फोटो
- जुन्या ग्रामपंचायतीच्या आणि आताच्या नगरपरिषदेच्या जाहीर सूचना, ठराव, याद्या
- साखर कारखाना, पतसंस्था, सोसायट्या यांचे वार्षिक अहवाल
- शाळा-कॉलेजांची पानं, स्मरणिका, संमेलनांचे व्हिडिओ
- यात्रा, उरूस, गणेशोत्सव, कुस्त्यांची मैदानं यांचं चित्रण
- २०१९ आणि २०२१ च्या महापुरातले पट्टणकोडोली, इंगळी, इचलकरंजीकडचे फोटो
- स्थानिक बातम्या देणारी यूट्यूब चॅनेल

प्रत्येक ओळीपुढे तीन गोष्टी लिहा: पत्ता काय, चालवतं कोण आणि हे आणखी कुठे आहे का. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. वर्तमानपत्रातली बातमी दहा ठिकाणी असेल. पण एखाद्या कारागिराने हातपत्र्यावरून मासोळी कशी वळवायची हे दाखवलेला चार मिनिटांचा व्हिडिओ एकाच ठिकाणी असतो. जे एकाच ठिकाणी आहे आणि ज्याचा मालक थकला आहे, ते आधी घ्या.

पायरी दुसरी: उघडी पानं वेबॅकमध्ये टाका

कुणीही लॉगिनशिवाय बघू शकतं असं पान असेल तर काम दोन मिनिटांचं आहे. ब्राउझरमध्ये 'वेब डॉट आर्काइव्ह डॉट ऑर्ग' उघडा, 'सेव्ह पेज नाऊ'च्या चौकटीत पत्ता चिकटवा आणि बटण दाबा. थोड्या वेळाने नवा पत्ता मिळतो. त्यात चौदा आकड्यांची एक रांग दिसेल. पहिले चार वर्षाचे, मग दोन-दोन महिना, तारीख, तास, मिनिट, सेकंद. वेळ ग्रिनिचची असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. म्हणून पहाटे जपलेल्या पानावर आदल्या दिवसाची तारीख दिसली तर घाबरू नका. हा चौदा आकड्यांचा पत्ता वहीत त्या ओळीपुढे लिहून ठेवा. उद्या मूळ पान गेलं तरी तो चालतो.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, पहिलं पान जपलं म्हणजे सगळी साइट जपली असं नव्हे. फुकट खातं काढून लॉगिन केलं तर पानावरचे दुवेही सोबत जपण्याचा पर्याय मिळतो, तो निवडा. कॅटलॉगची पानं मात्र एकेक करून टाका. दोन, जपून झाल्यावर पान उघडून पाहा. चित्रावर टिचकी मारून मोठं चित्र आलं का ते बघा. अण्णांच्या बाबतीत घात तिथेच झाला होता. तीन, पीडीएफ फाइल असेल तर तिचा स्वतःचा पत्ता वेगळा टाका.

मराठी विकिपीडियावर काम करणाऱ्यांनी एक सवय लावून घ्यावी. लेखाला संदर्भ देताना मूळ दुव्यासोबत जपलेला दुवाही द्यायचा. संदर्भ मेला की लेख पांगळा होतो.

पायरी तिसरी: दाराआडचं स्वतः उतरवा

फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपमधलं बहुतेक काही वेबॅकला दिसत नाही. तिथे मालकालाच हात घालावा लागतो.

गूगलच्या खात्यातलं सगळं 'टेकआउट'मधून उतरवता येतं. फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये स्वतःची माहिती डाउनलोड करण्याची सोय आहे. फाइल तयार व्हायला वेळ लागतो, आणि दुवा आला की काही दिवसांतच ती उतरवून घ्यावी लागते. मंडळाचं पान असेल तर त्याचा ताबा किमान दोघांकडे ठेवा. एकाचा फोन हरवला म्हणून दहा वर्षांचा गणेशोत्सव हरवू नये.

व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो दाबून लहान होतो, आणि कधी काढला, कोणत्या फोनने काढला ही आतली नोंदही निघून जाते. म्हणून महापुराचा फोटो कुणाकडून मागवताना स्पष्ट सांगा: "फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव." एवढ्या एका वाक्याने फोटोचा पुरावा वाचतो.

उघड्या पानाची प्रत स्वतःकडेही ठेवायची असेल तर 'सिंगलफाइल' नावाचं ब्राउझरचं फुकट एक्स्टेंशन पूर्ण पान चित्रांसकट एका फाइलीत बांधून देतं. पान हलणारं-फिरणारं असेल, तर 'आर्काइव्हवेब डॉट पेज' लावून साइटवर नेहमीसारखं फिरा. तुम्ही जे जे उघडाल ते ते नोंदलं जातं आणि पुढे इंटरनेट नसतानाही तसंच्या तसं बघता येतं.

पायरी चौथी: कॉम्प्युटरमधली मोडी

मराठीत एक गोष्ट जास्तीची करावी लागते. युनिकोड रुळण्याआधी आपण श्रीलिपी, आकृती, आयएसएम, कृतिदेव अशा फॉण्टमध्ये टाइप करत होतो. पडद्यावर मराठी दिसे, पण फाइलीच्या पोटात इंग्रजी अक्षरं असत. कृतिदेवमध्ये 'हुपरी' लिहिलं की फाइलीत साठतात जी, क्यू, आय, जे, एच ही पाच अक्षरं. तो फॉण्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर ती तशीच दिसतात. गूगलवर 'हुपरी' शोधाल तर असं पान कधीच सापडणार नाही, कारण यंत्राच्या लेखी त्यात हुपरी हा शब्दच नाही.

माझ्याकडे एका स्मरणिकेची सीडी आहे, मीच टाइप केलेली. ती उघडली तेव्हा माझंच लेखन मला वाचता येईना. कोल्हापूर संस्थानचे मोडी कागद वाचायला जाणकार शोधावा लागतो, आणि त्या कागदांना निदान शंभर-दीडशे वर्षं झाली. माझ्या फाइलीची मोडी अवघ्या वीस वर्षांत झाली.

अशा फाइलीला हात घालताना क्रम असा ठेवा:

१. मूळ फाइल जशीच्या तशी वेगळी ठेवा. तिच्यासोबत फॉण्टची फाइलही ठेवा. फॉण्ट गेला की किल्ली गेली.

२. ज्या कॉम्प्युटरवर ती नीट दिसते तिथून तिची पीडीएफ काढा. निदान चित्र तरी पक्कं झालं. असा जुना कॉम्प्युटर छपाईवाल्यांकडे अजून सापडतो. भंगारात घालू देऊ नका.

३. मग फॉण्ट बदलून देणाऱ्या फुकट साधनाने मजकूर युनिकोडमध्ये आणा.

४. डोळ्यांखालून घाला. रफार, पहिली वेलांटी, 'ऱ्या' आणि 'ऱ्ह' इथे हमखास गडबड होते. 'सुऱ्या', 'वाऱ्यावर', 'कऱ्हाड' असे शब्द मुद्दाम तपासा. आडनावं तर मोठ्याने वाचून.

फाइलच नसेल आणि फक्त छापील प्रत असेल, तर ती सपाट उजेडात स्कॅन करा. स्कॅन गूगल ड्राइव्हवर टाकून डॉक्समध्ये उघडला की मराठी मजकूर बऱ्यापैकी ओळखला जातो. त्यालाही वरच्या यादीतला चौथा मुद्दा लागू.

पायरी पाचवी: नाव, तारीख आणि वजन

नुसता फोटो जपून उपयोग नाही. दहा वर्षांनी बघणाऱ्याला ते काय आहे हे कळलं पाहिजे. फाइलीच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग तारीख लिहा, म्हणजे फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. पुढे दोन शब्द: जागा आणि विषय. 'नवीन', 'फायनल', 'फायनल२' अशा नावांना बंदी.

प्रत्येक फोल्डरमध्ये साधी मजकूर फाइल ठेवा आणि तीत लिहा: हे कुणाकडून मिळालं, कधी, मूळ पत्ता काय, वापरायची परवानगी कुणी दिली. दागिन्याचा नमुना असेल तर कारागीर त्याला ज्या नावाने ओळखतात ते नाव, जोडीचं वजन, लांबी, हातकाम की डायकाम, कुणी पहिल्यांदा केला असं गावात म्हणतात ते. फोटो काढताना शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे आकाराचा अंदाज राहतो. पाठीमागची बाजू आणि कडीचा जोडही टिपा. नमुना समोरून सुंदर दिसतो, पण परत करायला घेतलात तर माहिती लागते ती जोडाची.

आता वजनाचं. आपण कारागिराला चांदी देतो ती मोजून आणि माल परत घेतो तोही मोजून. फाइलीचंही असं वजन करता येतं. त्याला चेकसम म्हणतात. 'सेव्हन-झिप' टाकलेलं असेल तर फाइलीवर उजवं बटण दाबून शा-२५६ निवडा, आकडे-अक्षरांची लांब ओळ मिळेल. ती त्या मजकूर फाइलीत लिहून ठेवा. वर्षाने पुन्हा काढा. ओळ तीच आली तर एक कणही हललेला नाही. बदलली तर फाइल खराब झाली किंवा कुणी हात घातला, आणि दुसऱ्या प्रतीवरून ती दुरुस्त करायची.

पायरी सहावी: तीन प्रती, दोन जागा

जगभरचे जपणूक करणारे एकच साधा नियम सांगतात. प्रती तीन, साधनं दोन प्रकारची, आणि एक प्रत गावाबाहेर. हार्ड डिस्क एक, क्लाउड एक, आणि दुसरी हार्ड डिस्क कोल्हापुरात किंवा पुण्यात नातेवाइकाकडे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फुटांची. २०१९ आणि २०२१ मध्ये नदी ५० फुटांच्याही वर गेली. ज्यांची डिस्क आणि तिची प्रत एकाच तळमजल्यावर होती, त्यांना दोन प्रती असण्याचा काय फायदा झाला?

पेन ड्राइव्ह ही साठवायची जागा नव्हे, ती पिशवी आहे. सीडीचा भरवसा धरू नका, असतील तेवढ्या आताच उतरवा. हार्ड डिस्क वर्षातून एकदा लावून बघा आणि पाच-सहा वर्षांनी माल नव्या डिस्कवर घ्या.

आणि कोणत्याच एका तिजोरीवर विसंबू नका, अगदी इंटरनेट आर्काइव्हवरही नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सिनेमाच्या चोरीविरुद्धच्या न्यायालयीन आदेशामुळे ते भारतात काही काळ बंद होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यावर सायबर हल्ला झाला, तीन कोटींहून जास्त खात्यांची माहिती फुटली आणि कित्येक दिवस सेवा ठप्प होती. पानं शेवटी सुखरूप राहिली. पण त्या दिवसांत ज्याची स्वतःची प्रत नव्हती तो हात चोळत बसला.

काय उचलायचं नाही

झारेकरी झाडलोट नेतो ती मालकाला विचारून. आपणही विचारायचं. दुसऱ्याचा कॅटलॉग, दुसऱ्याचा व्हिडिओ जपायला परवानगी मागा, शक्यतो लेखी. व्हॉट्सॲपवर आलेलं 'हो, ठेव' सुद्धा चालेल, त्याचा स्क्रीनशॉट त्या फोल्डरमध्ये ठेवा. जपणं वेगळं आणि सगळ्यांपुढे मांडणं वेगळं. परवानगी नसेल तर प्रत तुमच्या डिस्कवर राहू दे, जाहीर करू नका. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं लेखनावर हक्क राहतो, म्हणून आजोबांच्या मित्राची कविता स्मरणिकेत सापडली तरी ती आपोआप सगळ्यांची होत नाही. नमुन्यांच्या बाबतीत कारखानदाराला भीती असते ती नकलेची. त्याला सांगा, चालू माल नको, बाजारातून गेलेला द्या.

आधार क्रमांक, मतदार याद्या, लाभार्थ्यांच्या याद्या, रुग्णांची नावं, भांडणाचे व्हिडिओ, अल्पवयीन मुलांचे फोटो हे सार्वजनिक साठ्यात टाकू नका, ते एखाद्या साइटवर उघडे दिसत असले तरीही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहेच, पण त्याआधी गावाची रीत आहे. कुणी येऊन "माझं काढा" म्हणालं तर वाद न घालता काढा.

गट कसा टिकवायचा

चौघे पुरतात. एकाकडे वही, एकाकडे डाउनलोड, एकाकडे मजकूर तपासणं, आणि चौथा जुन्या लोकांच्या घरी जाऊन कपाट उघडायला लावणारा. हा चौथा माणूस वयाने मोठा, गोड बोलणारा आणि चहाला नाही न म्हणणारा असावा. महिन्यातला एक रविवार ठरवा. एका बैठकीत एकच विषय घ्या. "सगळं गाव डिजिटल करू" म्हणणारे गट तिसऱ्या महिन्यात थकतात. "या रविवारी फक्त शाळेच्या स्मरणिका" म्हणणारे पुढे जातात.

बारावीनंतर सुट्टीत असलेली मुलं सोबत घ्या. सिंगलफाइल लावायला त्यांना दहा मिनिटं लागतात. त्यांना कळत नाही ते फोटोतला माणूस कोण हे, आणि तिथे आजोबा लागतात. दोघं एका स्क्रीनपुढे बसले की नोंदी आपोआप होतात.

जे खुलं करता येईल ते बाहेर पाठवा. स्वतः काढलेले फोटो विकिमीडिया कॉमन्सवर, हक्क संपलेली पुस्तकं मराठी विकिस्रोतावर किंवा इंटरनेट आर्काइव्हवर. छापील स्मरणिकांची एकेक प्रत शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे आणि करवीर नगर वाचन मंदिराकडे घेऊन जा, ती ठेवाल का असं विचारा.

शेवटी वारसा. बँकेच्या खात्याला आपण नॉमिनी लावतो. गूगलमध्ये 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आणि फेसबुकमध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट' अशी तशीच सोय आहे, ती आज भरा. संस्थेचं डोमेन असेल तर ते एका पोराच्या ईमेलवर न ठेवता संस्थेच्या ईमेलवर घ्या आणि नूतनीकरणाची तारीख दुकानातल्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. अण्णांचा कॅटलॉग एवढ्या एका गोष्टीवाचून गेला.

ती तोरडी पुन्हा झाली. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चित्रावरून अण्णांच्या कारखान्यातल्या कारागिराने चार दिवस कड्या मांडून बघितल्या, पाचव्या दिवशी जोड बसला. पार्टीला माल गेला, त्याआधी अण्णा जोडी घेऊन दुकानात आले. पांढऱ्या कागदावर ठेवून मी फोटो काढले: समोरून, मागून, जोडाचा जवळून, शेजारी एक रुपया. फाइलीत तारीख लिहिली, वजन लिहिलं. कारागिराचं नाव लिहायला गेलो तर अण्णा थबकले. "त्याचं कशाला? कॅटलॉगात कधी घालत न्हाई आपण."

मी म्हटलं, "अण्णा, मागच्या वेळी चौतीस नमुने गेले. ते कुणी केले होते, आठवतं का?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग कारागिराचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आणि लिहून झाल्यावर एकदा वाचून दाखव म्हणाले.